राखून ठेवलेला शेवट

आमच्या दिवाणखान्यांतील कपाटाच्या खालच्या खणांत चित्रपटाची एक तबकडी जवळजवळ नऊ वर्षें न पाहिलेली पडून होती. तिच्यावरचें पातळ वेष्टणसुद्धां कोणीं काढलें नव्हतें. घराला रंग देतांना ती खोक्यांत गेली, रंग वाळल्यावर पुन्हां खणांत आली, मध्यंतरीं तिच्यावर दिवाळी अंकांचा ढीग चढला आणि उतरला, परंतु ती लावून पाहावी असें कोणीं सुचविलें कीं आमची कन्या म्हणे, "आतां नको, बाबा. पाहिली कीं संपलं." पानांतला गोडाचा घास शेवटीं खावयाचा म्हणून कडेला सारून ठेवणारीं मुलें पुष्कळ असतात. पण तो नऊ वर्षें कडेला ठेवणारें मूल आम्हीं हें एकच पाहिलें.

तबकडी होती 'कार्डकॅप्टर साकुरा' ह्या जपानी मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटाची. ज्यांच्या घरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एखादें शाळकरी मूल वाढलें आहे त्यांतील कित्येकांस हें नांव परकें वाटणार नाहीं. इतरांसाठीं थोडी ओळख करून देणें प्राप्त आहे. जपानांत 'जादूची मुलगी' हा गोष्टींचा एक स्वतंत्र प्रकारच मानला जातो. १९६६ सालीं दूरचित्रवाणीवर आलेल्या 'जादूगारीण सॅली'पासून पडद्यावरील ह्या प्रकाराचा आरंभ धरतात, आणि सॅलीची कल्पना 'बिविच्ड' ह्या अमेरिकन विनोदी मालिकेवरून सुचली होती. शाळेंत जाणारी साधी मुलगी, तिला गुप्तपणें लाभलेली शक्ति, सोबतीला एक बोलकें जनावर, आणि एवढें सारें होऊनहि न सुटणारा गृहपाठ, असा ह्या गोष्टींचा सांचा. १९९२ ते १९९७ ह्या काळांत दोनशें भाग चाललेल्या 'सेलर मून'नें त्या सांच्यांत मुलींचें लढाऊ पथक बसविलें. 'साकुरा' ही तिच्या मागून आली. 'नाकायोशी' ह्या मुलींच्या मासिकांत १९९६ पासून २००० पर्यंत तिची चित्रकथा चालली. लिहिणाऱ्या 'क्लॅम्प' ह्या एकाच नांवानें काम करणाऱ्या चार स्त्रिया. जपानच्या सरकारी धाटणीच्या एन्‌एच्‌के संस्थेनें ७ एप्रिल १९९८ पासून २१ मार्च २००० पर्यंत तिचे सत्तर भाग दाखविले. दिग्दर्शक मोरिओ आसाका. आणि चौघींपैकीं नानासे ओकावा ह्यांनीं पडद्यावरच्या लेखनाची धुराहि वाहिली, हें पुढें महत्त्वाचें ठरणार आहे.

गोष्ट थोडक्यांत अशी. साकुरा किनोमोतो ही चवथींत शिकणारी मुलगी. वडील पुराणवस्तूंचे प्राध्यापक, आई ती तीन वर्षांची असतांनाच वारलेली, थोरला भाऊ सदा चिडविणारा. वडिलांच्या तळघरांतील पुस्तकांत तिला एक जुनें पुस्तक सांपडतें. तें उघडतांच क्लो रीड नांवाच्या जादूगारानें त्यांत कोंडलेले पत्ते वाऱ्यावर उधळून जातात. वारा, पाणी, सावली, झोंप, गोडवा, अशा एकेका तत्त्वाचा एकेक पत्ता. मालिकेंत ते बावन्न आहेत. पत्त्यांचा राखणदार केरो हा वस्तुतः सिंह, पण शक्ति ओसरल्यामुळें कापसाच्या बाहुल्याएवढा उरलेला आणि खाण्याला हपापलेला. तो साकुराला पत्ते गोळा करावयास लावतो. तिची मैत्रीण तोमोयो दर मोहिमेसाठीं तिला नवा पोशाख शिवून देते आणि सारा प्रकार आपल्या कॅमेऱ्यांत टिपून घेते. मग हाँगकाँगहून क्लोच्या वंशांतला शाओरान नांवाचा मुलगा येतो. तो तिचा प्रतिस्पर्धी. सुरुवातीस कपाळाला आंठ्या घालून हिंडणारा हा पोरगा सत्तर भागांत हळूहळू विरघळत कसा जातो, हें पाहण्यांतच मालिकेचा अर्धा आनंद आहे. (अमेरिकेंतील एका वाहिनीनें ही मालिका दाखवितांना सत्तरांपैकीं एकोणचाळीसच भाग घेतले, आणि मुलगे पाहावेत म्हणून शाओरान ज्या भागांत येतो तो आठवा भाग पहिला करून टाकला. सुरुवातच कापल्यावर विरघळावयाला काय उरणार!)

आमच्या घरीं ही मालिका पाहिली गेली ती एका पावसाळ्यांत, कन्या साकुराइतकीच, म्हणजे दहा वर्षांची असतांना. रोज रात्रीं जेवणें उरकलीं कीं एक भाग. घरच्या मंडळींच्या हातीं शेंगा किंवा निवडावयाचे तांदूळ. कोपऱ्यांतल्या खुर्चीवर आमच्या मातोश्री वाती वळीत बसलेल्या. जपानी कोणालाच येत नव्हतें. पडद्याच्या तळाशीं इंग्रजी अक्षरें धांवत, कन्येला तीं वाचतां येत, आणि मातोश्रींसाठीं तीं मराठींत मोठ्यानें सांगण्याचें काम आमच्याकडे होतें. पहिलेपहिले आम्हीं तें मोठ्या नाराजीनें केलें. पांच-सहा भागांनंतर आम्हीच "आज लौकर आटपा" म्हणूं लागलों, हें कबूल केलें पाहिजे.

आम्हांस गुंतविलें तें जादूनें नव्हे. त्या मालिकेंत वाईट माणूसच नाहीं, ही गोष्ट आमच्या फार उशिरां लक्षांत आली. कोणाचा निःपात व्हावयाचा नाहीं, जग बुडवावयाची कोणाची इच्छा नाहीं. मग भीति कशाची? ती सेहेचाळिसाव्या भागाच्या सुमारास कळते. सारे पत्ते जमल्यावर साकुराची शेवटची परीक्षा होते. ती नापास झाली तर कोणी मरणार नाहीं; केवळ पत्त्यांशीं ज्यांचा ज्यांचा संबंध आला तीं सारीं माणसें, आपल्याला सर्वांत आवडणारें माणूस कोण होतें हें विसरून जातील. माणूस जिवंत राहील, समोर राहील, ओळखहि राहील. फक्त तो एक ओलावा नाहींसा होईल. मुलांच्या गोष्टींत इतकी मोठी शिक्षा इतक्या हलक्या आवाजांत सांगितलेली आम्हीं पाहिलेली नव्हती. मातोश्रींनीं वात वळतां वळतां हात थांबविला आणि "हें मरणापेक्षां वाईट" एवढेंच म्हणून पुन्हां वळावयास घेतली.

आणि मग सत्तरावा भाग आला. शाओरान हाँगकाँगला परत जाणार आहे, आणि त्यानें साकुराला आपल्या मनांतलें सांगून टाकलें आहे. पडद्याच्या तळाशीं इंग्रजीचे ते ठराविक तीन शब्द उमटले आणि आम्ही थबकलों. हें वाक्य मराठींत, तेंहि आईच्या आणि मुलीच्या देखत, मोठ्यानें कसें उच्चारावें? 'माझें तुझ्यावर प्रेम आहे' हें वाक्य नाटकांतल्या नायकाखेरीज कोणी बोलल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. आमच्या वडिलांनीं तें कधीं आमच्या मातोश्रींस म्हटलें नसावें, आणि आम्हांस तर नाहींच नाहीं. ते बाहेरगांवाहून आले कीं "जेवलास का?" असें विचारीत, आणि त्यांत सारें येई. आम्ही चष्मा पुसूं लागलों. तेवढ्यांत कन्या म्हणाली, "आजी, तो म्हणाला, तूं मला आवडतेस."

"मग?" मातोश्री म्हणाल्या, "एवढ्यासाठीं तुझा बाप घाम पुशीत बसलाय होय?"

नंतर आमच्या ध्यानांत आलें कीं पोरीनें केलेलें भाषांतर इंग्रजी अक्षरांपेक्षां मूळाच्या अधिक जवळचें होतें. जपानी वाक्यांतला शब्द 'सुकि'. भात सुकि असतो, पाऊस सुकि असतो, आणि माणूसहि सुकि असतें. फारच आवडलें तर 'दाइसुकि'. वाक्याची घडणसुद्धां आपल्यासारखीच. 'मला आंबा आवडतो' असें म्हणतांना आंबा कर्ता होऊन पुढें येतो आणि ज्याला आवडतो तो बिचारा चतुर्थीच्या आडोशाला उभा राहतो. जपानींतहि आवडलेल्या वस्तूलाच कर्त्याचा प्रत्यय लागतो. इंग्रजींत 'मी' आधीं उभा राहतो आणि प्रेम ही त्याची कृति होते. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे ती कृति नव्हे. समोरचें माणूस आवडून जातें, आपण फक्त तें कळवितों. पण ह्या सोयीच्या शब्दांत एक अडचणहि आहे. आंब्याला, आजीला आणि त्या एका माणसाला एकच क्रियापद लावावयाचें, तर तें एक माणूस निराळें कसें दाखवावें? साकुरा दिवसभर कोणाना कोणाला दाइसुकि म्हणत असते: बाबांना, मैत्रिणींना, गोड पदार्थांना. भावाचा मित्र युकितो हा तर तिला पहिल्या भागापासून आवडतो, आणि एके दिवशीं ती त्याला तसें सांगतेहि. युकितो अतिशय मायेनें तिला विचारतो, कीं हें आवडणें तुझे बाबा तुला आवडतात त्यासारखेंच नाहीं का? तिला उत्तर द्यावयास वेळ लागतो, पण तें खोटें नसतें. एकाच शब्दाच्या आंत किती खोल्या आहेत हें ती तेथें शिकते. आणि ज्या खोलींत फक्त शाओरान आहे तिचें दार तिला सांपडतें तें तो निघून जातांना.

मालिका संपते तेव्हां ती विमानतळावर धांवत जाते, त्यानें स्वतः केलेलें कापडी अस्वल त्याच्याकडून मागून घेते, आणि... उत्तर देत नाहीं. मासिकांतल्या मूळ कथेंत ती निरोपाच्या वेळींच बोलून मोकळी होते. पडद्यावर मात्र त्याच लेखिकेनें तें वाक्य राखून ठेवलें. सत्तर भाग पाहणाऱ्या जपानी मुलांनीं त्या रात्रीं काय म्हटलें असेल तें आम्ही आमच्या घरावरून ताडूं शकतों. कन्या उठून उभी राहिली, "असं कसं?" म्हणाली, आणि तिला कळलें कीं त्याचें उत्तर दुसऱ्या तबकडींत आहे. आम्हीं ती आणून दिली. आणि ती हातीं येतांच तिनें ती खणांत ठेवून दिली. उत्तर आहे एवढें कळणें तिला पुरेसें होतें. ऐकण्याची तिला घाई नव्हती.

हें ठेवून देणें आम्हांस तेव्हां विक्षिप्तपणाचें वाटे. पुढें पुढें ती खणांतली तबकडी आम्हांसहि बरी वाटूं लागली. कन्या आठवींत गेली, तिच्या खोलीचें दार लागूं लागलें, दहावीचें वर्ष आलें आणि गेलें, कोपऱ्यांतली खुर्ची रिकामी झाली. पण खणांत कांहींतरी अजून पाहावयाचें राहिलें आहे, आणि तें तिघांनीं मिळून पाहावयाचें आहे, हा एक न लिहिलेला करार कायम होता.

तो मोडला ती शिक्षणासाठीं परदेशीं निघाली त्याच्या आदल्या रात्रीं. सामान बांधून झालें होतें. वजनाचा कांटा तीनदां पाहून झाला होता. अकरा वाजतां तिनें खण उघडला, वेष्टण फाडलें आणि तबकडी यंत्रांत घातली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

चित्रपट जपानांत लागला १५ जुलै २००० रोजीं. मालिका संपून चार महिनेहि पुरते झाले नव्हते. आपल्याकडे तो आषाढाचा पाऊस. जपानांत तो भर उन्हाळा, आणि कथेंतहि उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे उत्तर न देऊन बसलेली साकुरा आणि उत्तराची वाट पाहणारीं मुलें ह्यांचा काळ जवळजवळ एकाच मापानें मोजलेला. साकुरा आतां सहावींत आहे. गांवांत नादेशिको उत्सव आहे. नादेशिको हें एका फुलाचें नांव, आणि साकुराच्या आईचेंहि. उत्सवांत वर्गाचें नाटक व्हावयाचें आहे. दोन शेजारी राज्यांत वैर, मुखवट्यांच्या नृत्यांत राजकन्या आणि राजपुत्र ह्यांची गांठ, आणि राजपुत्राच्या प्रश्नाला राजकन्येनें द्यावयाचें उत्तर, असा त्याचा विषय. राजकन्या साकुरा. राजपुत्र होणाऱ्या मुलाला ऐन वेळीं दुखापत होते आणि सुट्टीसाठीं आलेल्या शाओरानला ती भूमिका घ्यावी लागते. नाटकांतलें नाटक ही युक्ति आपल्याला नवी नाहीं. परंतु येथें ती नेमकी बसली आहे. मुखवटा घालून, दुसऱ्यानें लिहिलेलें वाक्य बोलतांना जें सहज येतें, तेंच स्वतःच्या तोंडानें बोलतांना ह्या मुलीच्या घशांत अडकतें.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, कीं चित्रपटाचा पूर्वार्ध आम्हांस थोडा लांबलेला वाटला. साकुरा बोलण्यासाठीं तोंड उघडते आणि मध्येंच कोणी येतें. पुन्हां उघडते आणि कांहींतरी विपरीत घडतें. पहिल्यांदां हंसूं येतें, दुसऱ्यांदां कळवळा येतो, तिसऱ्यांदां आम्ही खुर्चींत चुळबूळ करूं लागलों. पण तेवढ्यांतच दुसरी गोष्ट उलगडत जाते, आणि तिनें आम्हांस पुन्हां जागेवर बसविलें. शाओरानला ह्या सुट्टींत कोणी आणलें? त्याच्याबरोबर आलेल्या मेईलिंगनें. आणि तिच्याशीं संधान बांधणाऱ्या तोमोयोनें. मेईलिंग ही शाओरानच्या नात्यांतली, त्याच्यावर जीव असलेली मुलगी. त्याचें मन दुसरीकडे गेलें आहे हें कळल्यावर ती मालिकेंत तोमोयोच्या मांडीवर डोकें ठेवून रडली होती. आणि तोमोयो? तिला तर साकुराच सर्वांत आवडते. तिनें तें एकदां सांगितलेंहि आहे, आणि साकुरानें तें मैत्रिणीचें आवडणें म्हणून आनंदानें स्वीकारलें आहे. तोमोयोनें त्या समजुतीला धक्का लावला नाहीं. अशा ह्या दोघी, ज्यांच्या वांट्याला उत्तर येणार नाहीं, त्या तिसरीचें उत्तर योग्य माणसाला मिळावें म्हणून खटपट करीत आहेत. चित्रपट त्यांच्यावर भाष्य करीत नाहीं, त्यांना रडवीत नाहीं. तोमोयो पोशाख शिवते आणि कॅमेरा डोळ्याला लावते. चित्रपटाच्या नांवांत ज्याचा उल्लेख आहे तो बंद करून ठेवलेला पत्ता एकच. पण न बोललेलीं मनें त्यांत तीन-चार तरी आहेत.

तो पत्ता त्रेपन्नावा. क्लोनें निर्माण केलेले बावन्न पत्ते हे सारे 'असण्याचे' पत्ते. त्यांचा तोल राहावा म्हणून त्यानें 'नसण्याचा' एक पत्ता केला आणि आपल्या घराखालीं कोंडून ठेवला. तें घर आतां पाडलें गेलें आहे. तेथें खेळांचें उद्यान झालें आहे. मोकळा झालेला तो शून्याचा पत्ता साकुराजवळचे पत्ते एकेक करून ओढून नेतो, आणि दर पत्त्याबरोबर गांवाचा एकेक तुकडा काळ्या पोकळींत गडप होतो, शेवटीं माणसेंहि. क्लोचा पुनर्जन्म असलेला इंग्लंडांतला एरिओल साकुराला सांगतो, कीं हा पत्ता बंद करतां येईल, पण त्याची किंमत आहे. बंद करणाऱ्याच्या मनांतली सर्वांत मोलाची भावना, म्हणजे त्या एका माणसाविषयींचें आवडणें, तो घेऊन जाईल.

येथें कन्येनें वळून आमच्याकडे पाहिलें. सेहेचाळिसाव्या भागांतली ती हलक्या आवाजांतली शिक्षा पुन्हां समोर येऊन उभी राहिली होती. ज्या मुलीला एवढ्या कष्टानें आपलें उत्तर सांपडलें, तिनें तें द्यावयाच्या आधींच गमवावें, असा हा डाव. मालिका पाहतांना दहा वर्षांची असलेली मुलगी आतां एकोणीस वर्षांची होती. तिनें पाय खुर्चीवर वर ओढून घेतले होते, तेवढे मात्र तेव्हांसारखेच.

साकुरा घड्याळाच्या मनोऱ्यांत चढते. जवळचे पत्ते संपत आलेले. समोर उभा आहे तो शून्याचा पत्ता. रूप राक्षसाचें नव्हे, लांब केसांच्या एका मुलीचें. तिचें म्हणणें काय? इतकीं वर्षें ती एकटी अंधारांत होती. बाकीचे बावन्न एकत्र होते, आणि ते तिचे सोबती तिला हवे आहेत. तिला जग नाहींसें करावयाचें नव्हतें. वाईट माणूस ह्या गोष्टींत नाहींच, हें आम्हीं वर म्हटलें तें चित्रपटानेंहि पाळलें. साकुरा तिला जिंकीत नाहीं. सोबत चल म्हणते. परंतु किंमत टळत नाहीं, आणि त्या क्षणीं ती शाओरानकडून मागितली जाते. त्यानें आधींच सांगून ठेवलेलें असतें कीं विसरलों तरी तूं मला पुन्हां आवडशीलच.

त्यानंतरचा प्रसंग दोन-चार मिनिटांचा असेल. गांव परत आलें आहे. मनोऱ्याच्या जिन्यांत मोठी फट. अलीकडे साकुरा, पलीकडे शाओरान. तो गप्प आहे. त्याच्या मनांतलें गेलें, हें तिनें गृहीत धरलें आहे. आणि आतां, ऐकणाऱ्याला त्याचा कांहींच उपयोग नाहीं असें वाटत असतांना, ती रडत रडत तें वाक्य बोलते.

आम्ही काय करीत होतों हें आम्हांस त्या क्षणीं कळलें नाहीं. जुनी संवय. पडद्याच्या तळाशीं अक्षरें उमटलीं आणि आम्हीं तीं कोपऱ्यांतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मोठ्यानें सांगितलीं: "तूं मला सर्वांत जास्त आवडतोस, म्हणते आहे."

खोलींत कोणी हाललें नाहीं. पडद्यावर शाओरान हंसला. त्याच्या मनांतलें गेलेलें नव्हतें. मालिकेच्या शेवटीं साकुराच्या अश्रूंतून झालेला एक बिननांवाचा पत्ता होता, तो शून्याच्या पत्त्याशीं मिळाला आणि दोहोंचा मिळून 'आशा' नांवाचा नवा पत्ता झाला. साकुरानें फटीवरून उडी घेतली, आणि ती हवेंत असतांनाच चित्रपट संपला.

"हो बाबा," थोड्या वेळानें कन्या म्हणाली, "कळलं."

दिवा लावल्यावर आम्हीं समीक्षकाचा पवित्रा घेतला. किंमत मागावयाची, प्रेक्षकांना रडवावयाचें, आणि मग ती परत करून टाकावयाची, ही लबाडी झाली, असें आम्हीं म्हटलें. कन्या तबकडी पुसून डबींत ठेवीत होती. ती म्हणाली, "पण बोलतांना तिला कुठं ठाऊक होतं?" ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं. पुढें २०१६ पासून मासिकांत साकुराची कथा नव्यानें सुरू झाली आणि २०१८ सालीं तिचे बावीस भाग पडद्यावरहि आले. पण ती मूळ चित्रकथेच्या शेवटाला जोडलेली असल्यामुळें तींत ह्या त्रेपन्नाव्या पत्त्याला आणि त्या उडीला जागा नाहीं. एका घराण्याच्या दोन वंशावळी असाव्यात तसें झालें. कन्या नवी मालिकाहि पाहते. आम्ही पाहत नाहीं. आमच्यापुरती साकुरा अजून हवेंतच आहे.

दुसऱ्या दिवशीं विमानतळावर गेलों. आपल्याकडे दारावरचा शिपाई तिकीट पाहिल्याशिवाय आंत पाऊल टाकूं देत नाहीं, तेव्हां ऐन वेळीं धांवत जाऊन कांहीं बोलण्याची सोय नाहीं. जें सांगावयाचें तें कठड्याच्या अलीकडेच सांगावें लागतें. आम्हीं सांगितलें कीं भाजणीचा डबा सर्वांत वर ठेवला आहे, आणि पोहोंचल्याबरोबर कळव. ती "हो" म्हणाली, आंत गेली, आणि कांचेपलीकडून तिनें हात हालविला. घरच्या मंडळींनीं परतीच्या वाटेवर विचारलें, "एवढंच बोललांत?" आम्हीं म्हटलें, "काल रात्रीं बोललों."

तबकडी पुन्हां खालच्या खणांत आहे. तिच्यावर मुख्य चित्रपटाशिवाय आणखी एक छोटा विनोदी चित्रपट आहे. जपानांत तो चित्रगृहांत ह्याच्याच जोडीला दाखविला होता. डबीवरच्या मजकुरावरून समजतें कीं त्यांत आपला खादाड केरो आणि त्याच्याच जातीचा दुसरा एक राखणदार ताटांतल्या शेवटच्या ताकोयाकीसाठीं भांडतात. ताकोयाकी म्हणजे आपल्या आप्प्यासारखा, तसल्याच खळग्यांच्या तव्यावर केलेला पदार्थ. तो चित्रपट त्या रात्रीं पाहावयाचा राहिला. कन्या येत्या डिसेंबरांत येणार आहे. घरच्या मंडळींनीं तिला विचारलें, आल्यावर तो लावूं या का? ती म्हणाली, "एवढ्यांत नको."